वाऱ्याचा खंड कोणाच्या पदरी?

उत्तर ध्रुववृत्ताच्या प्रदेशात पवनऊर्जेला अमाप वाव आहे, असे गेली काही वर्षे सातत्याने सांगितले जात आहे. सांगणाऱ्यांत वीज कंपन्या आहेत, बँका आहेत, सरकारे आहेत आणि पृथ्वीच्या भवितव्याविषयी मनापासून व्याकूळ झालेली सज्जन माणसेही आहेत. या सर्वांचा युक्तिवाद दोन विधानांवर उभा असतो. वारा फुकट आहे, हे पहिले विधान. ती भूमी रिकामी आहे, हे दुसरे. ही दोन्ही विधाने असत्य आहेत आणि म्हणूनच त्यांच्यावर रचलेले धोरण अन्यायाचे ठरते, असे मला येथे मांडावयाचे आहे. पवनऊर्जेला विरोध करणे हा माझा हेतू नाही. कोळसा आणि तेल यांपासून सुटका करून घेण्यासाठी वारा लागणार आहे, याविषयी मला शंका नाही. प्रश्न आहे तो कोणता वारा, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या लाभासाठी, हा.

प्रथम वाऱ्याचेच पाहू. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यापेक्षा १० मीटर वेगाच्या वाऱ्यात दुप्पट नव्हे तर आठपट शक्ती असते. शिवाय थंड हवा दाट असते; उणे २० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १४ टक्के अधिक दाट असते आणि त्या प्रमाणात तिच्यातून अधिक वीज निघते. या दोन नियमांवरून असा समज होतो की उत्तरेकडे जावे तितकी वीज स्वस्त. प्रत्यक्षात निसर्ग एवढा सरळ हिशेब मांडत नाही. शालेय भूगोलात आपण पर्वतीय वारे आणि दरीय वारे शिकतो. ध्रुवप्रदेशात या धड्याला अनेक महिन्यांच्या रात्रीची जोड मिळते. सूर्य उगवतच नाही, त्यामुळे जमीन अखंड उष्णता गमावीत राहते, तिला लागून असलेली हवा गार व जड होते आणि उतारावरून ओघळत दरीच्या तळाशी साचते. चहूबाजूंनी बंद अशा खोलगट भागात ही हवा तळ्यासारखी स्थिर राहते. वर ऊबदार हवा आणि खाली गोठलेली, अशी तापमानाची विपरीतता निर्माण होते. नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतातील काराशोक हे अशाच अंतर्भागातील गाव. १ जानेवारी १८८६ रोजी तेथे उणे ५१.४ अंश तापमान नोंदले गेले. त्या देशातील हा नीचांक आजही कायम आहे. अशी कडाक्याची थंडी निवांत हवेतच पडते. म्हणजे विजेची गरज जेव्हा सर्वांत तीव्र असते, नेमक्या त्याच दिवसांत अशा दरीतील पाते हलत नाही.

ज्या दऱ्यांना समुद्राकडे तोंड आहे त्यांची कथा वेगळी. अंतर्भागातील पठारावर साचलेली जड हवा तेथून वाट काढते आणि उबदार सागरी प्रवाहामुळे न गोठलेल्या समुद्राकडे जोराने धावते. स्वालबार्ड बेटांवर ७८ अंश उत्तर अक्षांशावर लाँगइयरब्येन हे गाव आहे. त्याच्या शेजारील अडव्हेंटडालेन ही रुंद दरी अशा वाऱ्याचा पाट आहे. वर आकाशात वारा कोणत्याही दिशेने वाहत असो, दरीच्या भिंती त्याला आपल्या रेषेत वळवितात. हिवाळ्यात तेथे आग्नेयेकडून समुद्राच्या बाजूस वाहणाऱ्या वाऱ्याचेच प्राबल्य असते. एका वळणावर झोत तर पुढच्या वळणावर शांतता, जमिनीलगत स्तब्धता तर शंभर मीटरवर जोराचा प्रवाह, असे प्रकार या दऱ्यांत नित्याचे आहेत. म्हणून दहा मीटरच्या खांबावर घेतलेल्या नोंदींवरून किंवा संपूर्ण प्रांताच्या सरासरीवरून कोणत्याही दरीचे भविष्य वर्तविता येत नाही. पात्यांवर चढणारे बर्फ आणि कायम गोठलेल्या जमिनीत पाया घेण्याची अडचण यांचा खर्च आणखी वेगळा.

याच्या उलट टोकाला बेर्लेवॉगजवळचे रागोव्हिडा हे उघडे पठार आहे. बारेंट्‌स समुद्रावरून येणारा वारा तेथे अडथळ्याविना वाहतो. २०१४ साली तेथे ४५ मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि वर्षभराच्या सरासरीने त्या आपल्या क्षमतेच्या जवळजवळ निम्मी वीज देतात. जमिनीवरील पवनचक्क्यांच्या बाबतीत हा आकडा असामान्य आहे. तेथे परवाना २०० मेगावॅटचा होता, परंतु वीज वाहून नेणारी तार तेवढ्या क्षमतेची नव्हती, म्हणून आरंभी ४५ वरच थांबावे लागले. वारा विपुल, पण तार अपुरी. संपत्ती निसर्गात असते ही समजूत किती अर्धवट आहे हे यावरून ध्यानात यावे. ती तार समाजाच्या पैशाने टाकली जाते, आणि ती टाकल्यावरच वाऱ्याचे रूपांतर संपत्तीत होते.

येथे अर्थशास्त्राचा जुना सिद्धांत उपयोगी पडतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाची उपपत्ती मांडली. सुपीक जमीन आणि निकस जमीन यांवर सारखेच श्रम व सारखेच भांडवल खर्च झाले तरी उत्पन्नात फरक पडतो, आणि हा फरक जमिनीच्या मालकाच्या खिशात जातो. तो फरक त्याने निर्माण केलेला नसतो. वाऱ्याच्या बाबतीत हा सिद्धांत घनाच्या नियमाने गुणला जातो. एका टेकडीवर वारा सरासरीने थोडाच अधिक असला तरी तिच्यावरील चक्कीचे उत्पन्न शेजारच्या टेकडीपेक्षा कितीतरी अधिक भरते. चक्की तीच, कारखाना तोच, कामगार तेच. मग हे जादा उत्पन्न कशाचे? ते स्थानाचे आहे. म्हणजेच तो खंड आहे. वारा फुकट आहे हे वाक्य ज्या क्षणी उच्चारले जाते त्या क्षणी हा खंड गुपचूप कोणाच्या तरी पदरात टाकला जात असतो.

नॉर्वेला ही गोष्ट अज्ञात होती असे मुळीच नाही. परदेशी भांडवलदार धबधबे विकत घेऊ लागले तेव्हा १९०६ पासून त्या देशाने कायदे केले. खासगी कंपनीला ठरावीक मुदतीपुरताच परवाना मिळेल आणि मुदत संपताच धबधबा, धरण व यंत्रसामग्री विनामूल्य राज्याच्या स्वाधीन होईल, हे तत्त्व १९१७ च्या कायद्याने पक्के झाले. पुढे जलविद्युत प्रकल्पांत किमान दोनतृतीयांश मालकी सार्वजनिक हवी असा दंडक आला. पाण्याच्या बाबतीत इतका सावध असलेला हा देश वाऱ्याच्या बाबतीत मात्र बेसावध राहिला. वाऱ्याला हे संरक्षण दिलेच गेले नाही. परिणामी त्या देशातील जमिनीवरच्या पवनऊर्जेचा निम्म्याहून अधिक वाटा परदेशी मालकांच्या हाती गेला. वाऱ्याच्या खंडावर कर बसविण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये आला तेव्हा दर ४० टक्के होता. गुंतवणूकदारांच्या ओरडीनंतर १ जानेवारी २०२४ पासून जो लागू झाला तो २५ टक्के होता. ज्या देशाने शंभर वर्षांपूर्वी धबधबा वाचविला, त्याने डोंगरमाथा मात्र हातचा जाऊ दिला.

आता दुसऱ्या विधानाकडे वळू. ही भूमी रिकामी आहे काय? नकाशावर ती तशी दिसते, कारण तेथे शेते नाहीत, कुंपणे नाहीत, सातबारा नाही. परंतु सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे रेनडियरचे कळप राखीत आले आहेत. रेनडियर हिवाळ्यात मुख्यतः दगडफुलावर जगतो. बर्फाचा थर फार जाड झाला किंवा त्यावर टणक कवच धरले की त्याला खाली खुरांनी खणता येत नाही. म्हणून त्याला हवे असतात असे माथे, जेथून वारा बर्फ उडवून नेतो. उन्हाळ्यात डास आणि गोमाश्या यांच्यापासून सुटका करून घेण्यासाठी हेच प्राणी पुन्हा वाऱ्याच्या उंच जागी चढतात. येथेच खरी गोम आहे. ज्या वाऱ्यामुळे एखादा माथा कुरण ठरतो, त्याच वाऱ्यामुळे तो पवनचक्कीची जागा ठरतो. जागा चुकीची निवडली गेली आणि जरा सरकविली असती तर भागले असते, असा हा अपघाती संघर्ष नव्हे. दोघांनाही एकच वारा हवा आहे. फरक एवढाच की एकाचा वापर शतकांचा आहे आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही.

ध्रुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस असलेल्या फोसेन द्वीपकल्पात हे सर्व उघडपणे घडले. एकूण सुमारे १,००० मेगावॅटच्या या प्रकल्पातील स्टोरहेया आणि रूआन या दोन ठिकाणी मिळून १५१ चक्क्या सामींच्या हिवाळी कुरणांवर उभ्या करण्यात आल्या. वाद न्यायालयात असतानाच बांधकाम पुरे झाले. डिसेंबर २०१८ मध्ये वंशभेद निर्मूलनाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने काम थांबविण्याची विनंती केली. ती मानली गेली नाही. खालच्या न्यायालयाने तोडगा काढला तो असा की सुमारे ९ कोटी क्रोनर भरपाई द्यावी आणि जनावरांना हिवाळ्यात कुंपणात चारा घालावा. कुरण गेले तर पैसे घ्या, माथा गेला तर पेंढा घ्या! भरपाईचे हे अर्थशास्त्र आपल्याकडील धरणग्रस्तांना समजावून सांगण्याची गरज नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०२१ रोजी ते नाकारले. अकरा न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निकाल दिला की नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या २७ व्या कलमाने सामींना मिळालेल्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाला आहे आणि चक्क्यांचे परवाने अवैध आहेत.

त्यानंतर काय झाले? चक्क्या फिरत राहिल्या. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुणांनी ऑस्लोतील ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला. २ मार्च रोजी मंत्र्यांनी क्षमा मागितली. अखेरीस डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये दोन्ही पशुपालक गटांशी समझोते झाले. वार्षिक मोबदला, अधिक कुरण आणि परवान्याची मुदत संपल्यावर पुढचा निर्णय घेताना आवाज, एवढे त्यांना मिळाले. एकही चक्की उतरविली गेली नाही. न्यायालयात जिंकलेल्या अल्पसंख्याकांना वाटाघाटीच्या मेजावर का बसावे लागले, याचे उत्तर सोपे आहे. उभे राहिलेले भांडवल हा स्वतःच एक युक्तिवाद असतो, आणि तो बहुधा कायद्याहून प्रबळ ठरतो.

येथे आपल्या पंक्तीतील अनेकांना एक सोयीचे उत्तर सुचेल. हे सारे खासगी भांडवलाचे पाप आहे, मालकी सार्वजनिक करा म्हणजे प्रश्न सुटेल. या उत्तराविषयी मी सावध राहण्याची विनंती करीन. फोसेन प्रकल्पातील निम्म्याहून अधिक हिस्सा स्टाटक्राफ्ट या संपूर्ण सरकारी कंपनीचा होता, आणि निकालानंतरचे ते पाचशे दिवस जवळजवळ सर्वच मजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारचे होते. अल्ता नदीवरील धरणाच्या प्रकरणातही सत्ता मजूर पक्षाकडेच होती. मूळ योजनेत मासी हे सामी गाव बुडणार होते. ते वगळले गेले, पण धरण राहिले. १९७९ मध्ये सामींनी ऑस्लोत उपोषण केले, जानेवारी १९८१ मध्ये सुमारे ६०० पोलीस पाठवून सत्याग्रहींना उचलण्यात आले आणि १९८७ मध्ये धरण पुरे झाले. त्या लढ्याचे फळ म्हणजे १९८९ मध्ये स्थापन झालेली सामींची संसद. सामी धरण हरले, पण प्रतिनिधित्व जिंकले.

याहूनही कठोर उदाहरण स्वालबार्डचे आहे. नी-ओलेसुन येथील कोळशाची खाण सरकारी कंपनीची होती. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी तेथे स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखी पडले. सुरक्षिततेची हेळसांड चौकशीत उघड झाली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये समाजवादी लोकपक्षाच्या दोन सभासदांनी विरोधकांबरोबर मतदान केल्यामुळे गेर्हार्डसेन यांचे मजूर सरकार पडले. महिनाभरातच ते परत आले, ही गोष्ट निराळी. त्या दोन सभासदांवर टीका पुष्कळ झाली. माझ्या मते त्यांनी सरकारी मालकी आणि सामाजिक उत्तरदायित्व यांतील भेद नेमका ओळखला होता. मालकी सार्वजनिक असणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. ज्यांच्या जिवावर उत्पादन होते आणि ज्यांच्या भूमीवर ते होते, त्यांचा निर्णयात अधिकार नसेल तर राज्य हाही एक जमीनदारच ठरतो.

आता वीज कोणासाठी, याचा विचार करू. हामरफेस्टजवळच्या मेल्कओया बेटावर स्नोविट क्षेत्रातील नैसर्गिक वायू द्रवरूप करून निर्यात केला जातो. सध्या कारखाना स्वतःची वीज वायू जाळून निर्माण करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने निर्णय घेतला की हा कारखाना प्रांताच्या जाळ्यातील विजेवर चालावा आणि फिनमार्कमध्ये तितकी नवी वीज निर्माण व्हावी. यामुळे वर्षाला सुमारे साडेआठ लाख टन कार्बन डायऑक्साइड वाचेल असे सांगितले गेले. वाचेल, पण कोठे? नॉर्वेच्या हिशेबवहीत. कारखान्यात न जाळलेला वायू जहाजात भरून युरोपात जाळला जाईल. सामींच्या कुरणावर चक्की उभारायची, तिच्या विजेवर वायूचा कारखाना चालवायचा, वाचलेला वायू विकायचा आणि या सर्वाला हरित संक्रमण म्हणायचे! ध्रुवप्रदेश पृथ्वीच्या सरासरीहून सुमारे चौपट वेगाने तापत आहे, हे संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले आहे. हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर कवच धरते आणि रेनडियर उपाशी राहतात. म्हणजे ज्याचे कुरण तापमानवाढीने आधीच हिरावले, त्याचेच उरलेले कुरण तापमानवाढीच्या उपायाने हिरावायचे.

उत्तर स्वीडनमधील मार्कबिग्देन येथील कथा बाजाराच्या शहाणपणावर विश्वास असणाऱ्यांनी वाचावी. तेथील १७९ चक्क्यांच्या, मुख्यतः चिनी सरकारी कंपनीच्या मालकीच्या प्रकल्पाने ठरावीक प्रमाणात अखंड वीज देण्याचा १९ वर्षांचा करार २०१७ मध्ये केला. वारा वाहिला नाही की कंपनीला बाजारातून महाग वीज विकत घेऊन करार पाळावा लागे. वाहिला की सर्वांचाच वाहत असल्याने जादा विजेला भाव नसे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने न्यायालयाकडे पुनर्रचनेसाठी धाव घेतली. वाऱ्याला वेळापत्रक लावण्याचा हा प्रयत्न दऱ्याडोंगरांतील हवेची ज्याला ओळख आहे अशा माणसाने कधीच केला नसता.

मग ध्रुवप्रदेशात पवनचक्की कोठेच नको काय? असे म्हणणाऱ्यांशीही माझा मतभेद आहे. लाँगइयरब्येनची कोळशावरची वीज ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली आणि तिची जागा डिझेलने घेतली. २०२५ मध्ये तेथील शेवटची नॉर्वेजियन खाणही बंद झाली. सुमारे २,५०० वस्तीचे हे गाव कोणत्याही वीजजाळ्याला जोडलेले नाही. इंधनाचा प्रत्येक लिटर जहाजाने येतो. तेथे आदिवासी कुरणांचा प्रश्न नाही, दरीच्या तोंडाशी वारा आहे आणि वीज गावासाठीच वापरली जाणार आहे. पक्षी, प्राणी आणि गोठलेली जमीन यांचा विचार करून, साठवणुकीची सोय करून, मोजक्या चक्क्यांचा प्रयोग करावा तर तो अशा ठिकाणी. दुर्दैव असे की नेमक्या याच गावात लोकशाही आकुंचित केली गेली. रहिवाशांपैकी एकतृतीयांशाहून अधिक परदेशी आहेत. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर तीन वर्षे न राहिलेल्या परदेशी रहिवाशांचा स्थानिक मतदानाचा हक्क २०२२ मध्ये काढून घेण्यात आला. हॉटेलात राबणाऱ्या, रस्ते साफ करणाऱ्या या माणसांना विजेचे बिल भरण्याचा अधिकार तेवढा शिल्लक आहे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. १९२० च्या स्वालबार्ड करारात ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून हिंदुस्थानचाही समावेश होता. ज्या नी-ओलेसुनमध्ये ते २१ खाणकामगार मेले, तेथेच २००८ पासून भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. मार्च २०२२ मध्ये भारत सरकारने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले. त्यात विज्ञानाबरोबर साधनसंपत्तीचीही भाषा आहे. तेथील हवेचा अभ्यास करणारा देश म्हणून आपण तेथील माणसांच्या बाजूने बोलणार की साधनसंपत्तीच्या रांगेत उभे राहणार, हा प्रश्न आपल्या पक्षांनी संसदेत विचारावयास हवा.

समाजवादी भूमिका मला चार वाक्यांत सांगता येते. वाऱ्याचा खंड समाजाचा आहे, म्हणून धबधब्यांप्रमाणेच मुदतीनंतर परत येण्याची अट वाऱ्यालाही हवी. ज्यांची उपजीविका त्या वाऱ्यावर आधीच चालते त्यांची संमती चक्की उभारण्यापूर्वी हवी. उभारल्यानंतरची क्षमायाचना हा संमतीचा पर्याय होत नाही. निर्माण झालेल्या विजेने कोणते जीवाश्म इंधन खरोखर जमिनीत राहिले याचा हिशेब द्यावा लागेल. जे इंधन दुसऱ्या देशात जाऊन जळते ते वाचले असे म्हणता येणार नाही. आणि न्यायालयाने परवाना अवैध ठरविला तर चक्की थांबली पाहिजे, ती सरकारी असली तरीही. या चार अटी पाळून पवनचक्की उभी राहत असेल तर तिच्या बाजूने उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे. या अटी मोडून उभी राहिलेली चक्की कितीही स्वच्छ वीज देत असली तरी ती जुन्याच वतनदारीचा नवा मनोरा आहे, आणि तसे म्हणण्याचे धैर्य आपल्याला दाखवावे लागेल.